पाचशेच्या नोटेवरचा शाळामास्तर: एस्टोनियाचे कवी-शिक्षक कार्ल रॉबर्ट याकोब्सन कोण होते?

एखाद्या देशाच्या नोटेवर कोणाचा फोटो असतो? राजा, राष्ट्रपती, स्वातंत्र्यलढ्याचा नेता. एस्टोनिया या छोट्याशा देशाने मात्र सोव्हिएत संघातून बाहेर पडल्यावर स्वतःचं चलन काढलं, तेव्हा त्याच्या ५०० क्रोनच्या नोटेवर एका शाळामास्तराला जागा दिली. दाढीवाला, करारी चेहऱ्याचा हा माणूस होता कार्ल रॉबर्ट याकोब्सन.

शंभरच्या नोटेवर होती लिडिया कोइदुला, एस्टोनियाची सगळ्यात लाडकी कवयित्री. तिला 'कोइदुला' हे नाव याकोब्सन यांनीच दिलं होतं. आणि दहाच्या नोटेवर होते याकोब हुर्त, ज्यांच्याशी याकोब्सन यांचं इतकं कडाक्याचं भांडण झालं की अख्खी चळवळ दोन गटांत विभागली गेली. १ जानेवारी २०११ ला एस्टोनियाने युरो स्वीकारला, तोपर्यंत हे तिघं लोकांच्या एकाच पाकिटात राहत होते.

याकोब्सन यांनी कविता लिहिल्या, पण ते फार मोठे कवी नव्हते. त्यांना आयुष्य मिळालं जेमतेम ४० वर्षांचं. मग त्यांचं इतकं काय काम आहे? याचं उत्तर मुख्यतः एका शालेय पाठ्यपुस्तकात सापडतं. ही गोष्ट त्या पुस्तकाची आणि ते लिहिणाऱ्या मास्तरांची.

याकोब्सन: थोडक्यात

- पूर्ण नाव: कार्ल रॉबर्ट याकोब्सन
- जन्म: २६ जुलै १८४१, तार्तू
- मृत्यू: १९ मार्च १८८२, कुर्ग्या
- ओळख: शिक्षक, पाठ्यपुस्तककार, कवी, संपादक, शेतकऱ्यांचे नेते
- कवी म्हणून टोपणनाव: लिन्नुताया
- महत्त्वाची पुस्तकं: 'नवी बाराखडी' (१८६७), 'शालेय वाचनमाला' (पहिला भाग १८६७), 'तीन देशभाषणं' (१८७०), 'लिन्नुतायाची गाणी' (१८७०), 'मणी' (१८८०)
- वृत्तपत्र: 'सकाला' (१८७८ पासून)

(पुस्तकांची नावं मूळ एस्टोनियन आहेत. इथे समजण्यासाठी मराठीत दिली आहेत.)

तेव्हाचा एस्टोनिया कसा होता?

आजचा एस्टोनिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा, साधारण १३-१४ लाख लोकसंख्येचा देश. डिजिटल कारभारामुळे आपण त्याचं नाव अधूनमधून ऐकतो. पण १८४१ मध्ये 'एस्टोनिया' नावाचा देशच नव्हता. हा सगळा भाग रशियाच्या झारच्या साम्राज्यात होता.

गंमत म्हणजे राज्य रशियाचं असलं तरी रोजचा कारभार जर्मन भाषिकांच्या हातात होता. तेराव्या शतकात धर्मयुद्धाच्या नावाखाली आलेल्या जर्मन सरदारांचे वारसदार इथले जमीनदार होते. चर्चचे पाद्री बहुतेक जर्मन. शहरातले व्यापारी, वकील, डॉक्टर जर्मन. तार्तूचं विद्यापीठ १६३२ मध्ये स्थापन झालं होतं, पण तिथलं शिक्षणही जर्मन भाषेतच चालायचं.

एस्टोनियन बोलायचे ते शेतात राबणारे लोक. ते स्वतःला 'एस्टोनियन'सुद्धा म्हणत नसत. त्यांच्या भाषेत ते होते 'मारह्वास', म्हणजे 'मातीतली माणसं' किंवा 'गावाकडचे लोक'. एखादा एस्टोनियन शिकला, शहरात गेला, चार पैसे कमावू लागला, की तो जर्मन बोलायला लागायचा. पुढच्या पिढीत ते घर जर्मनच होऊन जायचं. शिकणं आणि एस्टोनियन राहणं या दोन गोष्टी एकत्र जमतच नाहीत, असा सर्वसाधारण समज होता.

१८१६ आणि १८१९ मध्ये दोन टप्प्यांत इथली भूदासप्रथा संपली. शेतकरी कागदोपत्री मोकळा झाला, पण जमीन जमीनदाराकडेच राहिली. त्यामुळे मोकळा झालेला शेतकरी त्याच जमिनीवर वेठीने राबत राहिला. जमीन विकत घेण्याची वाट हळूहळू खुली झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र वेगळी होती. या शेतकऱ्यांना वाचता येत होतं. प्रत्येकाने धर्मग्रंथ स्वतः वाचावा, असा लुथेरन चर्चचा आग्रह असायचा. एस्टोनियन भाषेतलं संपूर्ण बायबल १७३९ मध्येच छापलं गेलं होतं. आई चरख्यावर बसून पोराला अक्षरं शिकवायची. म्हणजे साक्षरता होती, पण वाचायला होतं काय? बायबल, प्रार्थना आणि भजनांची पुस्तकं, पंचांग. हीच पोकळी पुढे याकोब्सन यांनी हेरली.

मास्तरांच्या घरातला मुलगा

याकोब्सन यांचे वडील आदाम तोर्मा या गावी चर्चमध्ये कामाला होते. प्रार्थनेच्या वेळी गायन सांभाळायचं आणि परिसरातल्या मुलांना शिकवायचं, असं ते दुहेरी पद होतं. गावात पाद्री जर्मन असला तरी हा माणूस बहुतेक वेळा एस्टोनियन असायचा. शेतकऱ्याच्या मुलाला तेवढ्याच पदापर्यंत पोहोचता यायचं.

कार्ल रॉबर्टनेही हीच वाट धरली. १८५६ ते १८५९ या काळात तो वाल्गा इथल्या शिक्षक प्रशिक्षण विद्यालयात शिकला. हे विद्यालय चालवत होते यानिस त्सिम्झे नावाचे लाटवियन शिक्षक. अभ्यास जर्मनमध्ये व्हायचा आणि संगीतावर मोठा भर असायचा, कारण मास्तरने गावात गायनवृंद उभा करावा अशी अपेक्षा होती. एस्टोनियाचे अनेक शिक्षक आणि पहिल्या पिढीचे संगीतकार याच विद्यालयातून बाहेर पडले. 'सारस पक्ष्यांचं गाणं' आजही मुलं म्हणतात ते कवी-शिक्षक फ्रीडरिख कुल्बार्स हेही इथलेच विद्यार्थी.

वडिलांच्या निधनानंतर १८५९ मध्ये कार्ल रॉबर्ट तोर्माच्या शाळेत त्यांच्या जागी रुजू झाला. वय होतं १८. स्वभाव तापट आणि तोंड फटकळ. वरच्या जर्मन मंडळींशी त्याचं काही जमलं नाही आणि १८६२ मध्ये त्याने गाव सोडलं.

सेंट पीटर्सबर्गमध्ये काय बदललं?

तोर्मा सोडल्यावर याकोब्सन आधी याम्बुर्ग या रशियन गावात आणि मग १८६४ पासून राजधानी सेंट पीटर्सबर्गमध्ये राहिले. तिथे ते जर्मन भाषा शिकवत होते. ज्यांच्या वर्चस्वाविरुद्ध पुढे आयुष्यभर लढले, त्यांचीच भाषा शिकवून त्यांनी पोट भरलं.

राजधानीत त्यांना एक वेगळंच वर्तुळ भेटलं. झारचे खासगी डॉक्टर फिलिप कारेल एस्टोनियन होते. राजघराण्यात ऊठबस असलेले चित्रकार योहान कोलर हेही एस्टोनियन शेतकऱ्याचे पुत्र. इतिहासात हा गट 'पीटर्सबर्गचे देशभक्त' म्हणून ओळखला जातो. मोठं होऊनही एस्टोनियन राहता येतं, याची ही माणसं म्हणजे जिवंत उदाहरणं होती.

याच लोकांच्या संगतीत याकोब्सन यांचं राजकारण तयार झालं: जर्मन जमीनदारांच्या डोक्यावर झार आहे, तेव्हा दाद थेट झारकडे मागायची. ही भूमिका पुढे बरीच वादग्रस्त ठरली. त्याबद्दल खाली येईलच.

१८६७: चाळीस दिवसांत वाचायला शिका

१८६७ मध्ये याकोब्सन यांची दोन पुस्तकं आली. पहिलं होतं 'नवी बाराखडी'. त्याच्या लांबलचक शीर्षकातच दावा होता की या पुस्तकातून ४० दिवसांत वाचायला आणि लिहायला शिकता येईल. आजच्या जाहिरातीत शोभेल असाच हा दावा! पण त्यामागे खरा विचार होता. तोवर मुलं वाचायला शिकत, लिहायला शिकतीलच असं नसे. याकोब्सन यांनी दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. शिवाय त्यांनी जर्मन वळणाचं जुनं शुद्धलेखन बाजूला ठेवून एस्टोनियन उच्चारांना जवळची, फिनिश धर्तीची नवी लेखनपद्धत उचलून धरली.

दुसरं पुस्तक होतं 'शालेय वाचनमाला'चा पहिला भाग. एस्टोनियाच्या शिक्षणाच्या इतिहासात या पुस्तकाचं स्थान फार वरचं आहे.

त्यात नवीन काय होतं? आधीची शालेय पुस्तकं म्हणजे मुख्यतः धर्मशिक्षण. याकोब्सन यांच्या पुस्तकात प्राणी-पक्षी होते, झाडं होती, ऋतू होते, दूरचे देश होते, माणसांच्या गोष्टी होत्या. आणि होत्या कविता, एस्टोनियन भाषेत लिहिलेल्या, एस्टोनियावरच्या. धर्माला यात जवळपास जागाच नव्हती, म्हणून पाद्री मंडळी नाराज झाली. पण शाळांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. १९०६ पर्यंत पहिल्या भागाच्या १५ आवृत्त्या निघाल्या. दुसरा भाग १८७५ मध्ये आणि तिसरा १८७६ मध्ये आला.

१५ आवृत्त्या आणि जवळपास ४० वर्षं, म्हणजे किमान दोन पिढ्या हे पुस्तक वाचत मोठ्या झाल्या. जेव्हा रेडिओ नव्हता, वृत्तपत्रं मोजकीच होती, तेव्हा उत्तरेच्या बेटावरचं पोर आणि दक्षिणेच्या टेकड्यांमधलं पोर एकच कविता पाठ करत होतं. आपण सगळे एक लोक आहोत, ही जाणीव तयार व्हायला याचा मोठा हातभार लागला.

१८६८ मध्ये त्यांनी मुलांसाठी छोटं भूगोलाचं पुस्तकही लिहिलं. म्हणजे अक्षरओळख, वाचन आणि भूगोल हे सगळं मातृभाषेत शिकता येतं, हे त्यांनी दोन वर्षांत दाखवून दिलं.

'कोइदुला' हे नाव कुठून आलं?

वाचनमालेत याकोब्सन यांनी एका तरुण मुलीच्या कविता घेतल्या. ती होती लिडिया यान्सेन. तिचे वडील योहान वोल्देमार यान्सेन हेही आधी शाळामास्तर होते आणि पुढे वृत्तपत्राचे संपादक झाले. १८५७ मध्ये आपल्या 'पेर्नो पोस्तिमेस' या साप्ताहिकातून 'एस्टोनियन लोक' अशी हाक मारून वाचकांना एक नवं नाव देणारे तेच.

लिडिया वडिलांना संपादनात मदत करायची आणि कविता लिहायची. पण तिची १८६६ आणि १८६७ मधली दोन्ही पुस्तकं निनावी आली. बाईने छापून येणं तेव्हा फारसं मानवणारं नव्हतं. याकोब्सन यांनी तिच्या कवितांखाली नाव टाकलं 'कोइदुला'. एस्टोनियनमध्ये 'कोइत' म्हणजे पहाट. म्हणून कोइदुला म्हणजे पहाटेची. ते नाव तिला कायमचं चिकटलं. आज एस्टोनियात तिचं माहेरचं आडनाव सांगितलं तर कदाचित कोणाला थांबून आठवावं लागेल, पण कोइदुला म्हटलं की शाळकरी पोरालाही कळतं.

लिन्नुताया: स्वतः कवी म्हणून

याकोब्सन स्वतः 'लिन्नुताया' या टोपणनावाने लिहायचे. १८७० मध्ये त्यांचा 'लिन्नुतायाची गाणी' हा संग्रह आला. देशप्रेम, जुने स्वतंत्र दिवस, जागं होण्याची हाक हे त्यातले विषय. १८७२ मध्ये त्यांनी 'आर्तुर आणि आन्ना' हे नाटकही लिहिलं.

साहित्याचे अभ्यासक त्यांच्या कवितेला फार वरचं स्थान देत नाहीत. कोइदुलाच्या कवितेत जी ऊब आहे, ती त्यांच्याकडे क्वचितच दिसते. त्यांची कविता भाषणाच्या जवळ जाते. पण हेही लक्षात घ्यायला हवं की त्या काळी एस्टोनियन कविता लिहिणारेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यात याकोब्सन कवी होते, कविता निवडणारे होते आणि ती हजारो मुलांपर्यंत पोहोचवणारेही होते. यातलं तिसरं काम त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणी केलं नाही.

प्रकाश, अंधार, पहाट

६ ऑक्टोबर १८६८ रोजी तार्तूमधल्या 'वानेमुइने' या संस्थेत याकोब्सन यांनी एक भाषण केलं. वय होतं २७. एस्टोनियन लोकांच्या इतिहासाचे त्यांनी तीन भाग पाडले.

पहिला प्रकाशाचा काळ: तेराव्या शतकाच्या आधी, जेव्हा एस्टोनियन लोक स्वतंत्र होते. दुसरा अंधाराचा: जर्मन सरदार आल्यापासूनची शतकं, ज्यात भूदासप्रथा लादली गेली. तिसरा पहाटेचा: भूदासप्रथा संपल्यापासून सुरू झालेला.

आज हे साधं वाटेल. पण तेव्हा शाळेत आणि चर्चमध्ये नेमकं उलटं शिकवलं जायचं. जर्मन आले, त्यांनी धर्म आणला, संस्कृती आणली, रानटी लोकांना माणसात आणलं, अशी ती गोष्ट होती. याकोब्सन यांनी ती उभ्या सभेत उलटी करून सांगितली. सभेतले शेतकरी आणि शिक्षक भारावले आणि जर्मन वृत्तपत्रं खवळली. हे आणि आणखी दोन अशी तीन भाषणं १८७० मध्ये पुस्तकरूपात आली.

आजचे इतिहासकार सांगतात की त्यांचा 'प्रकाशाचा काळ' बराचसा रंगवलेला होता. जुन्या काळातही तंटे, गरिबी आणि उच्चनीच होतंच. तरीही 'प्रकाश-अंधार-पहाट' ही मांडणी एस्टोनियन लोकांच्या मनात इतकी रुजली की पुढची कित्येक दशकं देशाचा इतिहास याच चौकटीत सांगितला गेला.

गाण्यांच्या उत्सवावर ते नाराज का होते?

जून १८६९ मध्ये तार्तूत एस्टोनियाचा पहिला राष्ट्रीय गीत महोत्सव झाला. निमित्त होतं भूदासप्रथा संपल्याच्या पन्नाशीचं. पुढाकार यान्सेन यांचा. गावोगावचे ८०० हून अधिक गायक-वादक जमले, तेही सगळे पुरुष.

हा महोत्सव म्हणजे एस्टोनियन अस्मितेचा मोठा टप्पा मानला जातो. पण याकोब्सन यांनी त्यावर टीका केली. कारण कार्यक्रमातली बहुतेक गाणी जर्मन वळणाची किंवा धार्मिक होती. खऱ्या अर्थाने एस्टोनियन म्हणता येतील अशी नवी गाणी होती फक्त दोन. दोन्हींचे शब्द कोइदुलाचे आणि चाल अलेक्सांदर कुनिलैद यांची.

फक्त टीका करून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी एस्टोनियन गाण्यांचं स्वतंत्र पुस्तक छापलं आणि १८७१ मध्ये त्याचा दुसरा भाग काढला. गावातल्या गायनवृंदांनी गायचं काय, याचं उत्तर त्यांनी छापील पानांवर दिलं.

मास्तर शेतात उतरतात

याकोब्सन यांचं म्हणणं होतं की पोट जमीनदाराच्या हातात असेल तर डोकं मोकळं होत नाही. म्हणून त्यांनी शेतीवरही पुस्तकं लिहिली. १८६९ मध्ये शेतीमागच्या शास्त्रावर, १८७६ मध्ये गुरं आणि दूधदुभतं यातून शेतकऱ्याच्या हाती पैसा कसा येईल यावर.

१८७४ मध्ये त्यांनी पार्नु नदीकाठी कुर्ग्या इथे जमीन विकत घेतली. बहुतेक रानच होतं ते. झाडझाडोरा काढून त्यांनी तिथे नमुनेदार शेत उभं केलं. पिकांची फेरपालट, चांगली गुरं, पाणचक्की. पुस्तकात लिहिलेलं खरंच करता येतं का, हे शेजाऱ्यांना येऊन बघता यावं, हा त्यांचा हेतू होता. पार्नु आणि विल्यांदी इथल्या शेतकरी संघटनांचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. या संघटनांच्या सभा म्हणजे प्रौढांची शाळाच होती.

'सकाला': पहिलं राजकीय वृत्तपत्र

मार्च १८७८ मध्ये विल्यांदीतून याकोब्सन यांचं 'सकाला' हे साप्ताहिक सुरू झालं. हे नाव त्या भागातल्या प्राचीन प्रांताचं. एस्टोनियन भाषेतलं उघडपणे राजकीय म्हणावं असं हे पहिलं वृत्तपत्र.

मागण्या थेट होत्या. प्रांताच्या कारभारात एस्टोनियन शेतकऱ्यांना जमीनदारांइतकंच प्रतिनिधित्व द्या. जमिनीचे दर आणि खंड योग्य ठेवा. शाळांवरची पाद्री आणि जमीनदारांची पकड सोडवा. भाषा रोखठोक, शेतकऱ्याला कळेल अशी.

परिणाम लवकरच दिसला. १८७९ मध्ये सरकारने 'सकाला' आठ महिन्यांसाठी बंद केलं. पण बंदी उठल्यावर ते पुन्हा निघालं आणि त्याचं वजन आणखी वाढलं.

मुलींच्या शिक्षणाबद्दल

१८८० मध्ये याकोब्सन यांनी खास मुलींच्या शाळांसाठी 'मणी' हे वाचनपुस्तक काढलं. शिकलेल्या मुलींसमोर तेव्हा जर्मन संस्कृतीशिवाय पर्याय नव्हता, कारण वरच्या वर्गांचं शिक्षण जर्मनमध्येच मिळायचं. घरातली आई जर्मन बोलू लागली तर मुलांची एस्टोनियन संपली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी प्रोत्साहन दिलेल्यांपैकी एक म्हणजे लिली सुबुर्ग. ती लेखिका होती, पत्रकार होती आणि १८८२ मध्ये तिने पार्नुमध्ये मुलींची शाळा काढली. एस्टोनियातल्या स्त्रीवादी विचारांची सुरुवात तिच्यापासून मानतात.

हुर्त यांच्याशी भांडण कशावरून?

याकोब हुर्त हे पाद्री, भाषेचे अभ्यासक आणि लोकगीतांचे मोठे संग्राहक. एस्टोनियन माध्यमाची वरच्या दर्जाची शाळा काढण्यासाठी 'अलेक्सांदर शाळा' नावाची मोठी मोहीम चालू होती. गावोगाव वर्गणी गोळा होत होती आणि तिच्या मुख्य समितीचे अध्यक्ष हुर्त होते. याकोब्सनही या मोहिमेत होते.

दोघांनाही एस्टोनियन भाषा वाढवायची होती, पण वाटा वेगळ्या होत्या. हुर्त यांचं म्हणणं होतं की लहान समाजाने राजकारणात न पडता संस्कृती आणि ज्ञानाच्या बळावर मोठं व्हावं. चर्चवर हल्ला करू नये. याकोब्सन यांना वाटायचं की हक्क मागितल्याशिवाय संस्कृतीही टिकणार नाही. 'सकाला'ने पाद्र्यांवर टीका सुरू केली तेव्हा हुर्त दुरावले. समर्थकांचे उघड दोन तट पडले.

१८८० मध्ये हुर्त सेंट पीटर्सबर्गला पाद्री म्हणून निघून गेले. १८८१ मध्ये एस्टोनियन लेखकांच्या संस्थेचं अध्यक्षपद याकोब्सन यांच्याकडे आलं. त्याच वर्षी १७ एस्टोनियन संस्थांच्या वतीने नव्या झारकडे, म्हणजे तिसऱ्या अलेक्झांडरकडे, सुधारणांची मागणी करणारं निवेदन गेलं. याकोब्सन यांचा प्रभाव आता शिखरावर होता.

आणि मग अचानक...

१९ मार्च १८८२ रोजी न्यूमोनियाने कुर्ग्यात त्यांचं निधन झालं. एक्केचाळिसावा वाढदिवस चार महिन्यांवर होता. आपल्याच शेताच्या परिसरात त्यांना पुरण्यात आलं.

त्यानंतर जे घडलं, ते त्यांच्या राजकारणाला फार मोठी चपराक देणारं होतं. ज्या झारकडून त्यांनी आशा ठेवली, त्याच झारच्या सरकारने जर्मनांचं वर्चस्व कमी केलं खरं, पण त्या जागी रशियन आणली. १८८७ मध्ये गावच्या शाळांमध्येही रशियन हे शिक्षणाचं माध्यम करण्यात आलं. ज्या 'अलेक्सांदर शाळे'साठी शेतकऱ्यांनी कित्येक वर्षं पैसा जमवला होता, ती १८८८ मध्ये एकदाची सुरू झाली. तिचं माध्यम होतं रशियन.

म्हणूनच याकोब्सन यांच्यावरची सगळ्यात मोठी टीका हीच आहे: एका मालकापासून सुटण्यासाठी त्यांनी दुसऱ्या मालकावर भरवसा ठेवला. त्यांची बाजू घेणारे म्हणतात की १८७० च्या दशकात दुसरं दार तरी कोणतं उघडं होतं? हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

मग उरलं काय?

उरली ती वाचणारी माणसं. शाळेचं माध्यम रशियन झालं, पण घराघरांत याकोब्सन यांची वाचनमाला होती आणि नव्या आवृत्त्या निघतच होत्या. १८९७ च्या जनगणनेत एस्टोनियन लोकांमध्ये वाचता येणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक होतं आणि रशियन साम्राज्यात ते सगळ्यात वरच्या समाजांपैकी एक होते. या वाचकांनीच पुढची वृत्तपत्रं, पुस्तकं आणि संस्था जगवल्या.

२४ फेब्रुवारी १९१८ ला एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. १९१९ मध्ये तार्तू विद्यापीठ एस्टोनियन माध्यमाचं झालं. शेतकऱ्याच्या भाषेत उच्च शिक्षण होऊ शकतं का, या प्रश्नाचं उत्तर याकोब्सन गेल्यावर ३७ वर्षांनी मिळालं.

कोइदुलाच्या त्या दोन गाण्यांपैकी एक, 'माझी मायभूमी हेच माझं प्रेम', याला १९४४ मध्ये गुस्ताव एर्नेसाक्स यांनी नवी चाल लावली. सोव्हिएत काळात ते कार्यक्रमातून वगळलं गेलं, तरी १९६० च्या महोत्सवात लोकांनी ते आपणहून गायला सुरुवात केली. आज ते एस्टोनियाचं अनधिकृत राष्ट्रगीत मानलं जातं. ते लिहिणाऱ्या कवयित्रीला 'कोइदुला' हे नाव मिळालं ते एका शालेय पुस्तकाच्या पानावर.

कुर्ग्याचं शेत १९४८ पासून संग्रहालय आहे. तिथे आजही गुरं आहेत, शेती होते आणि शाळेच्या सहली येतात. विल्यांदीत त्यांच्या नावाची शाळा आहे. 'सकाला' हे वृत्तपत्र तर आजही त्याच गावातून निघतं.

आपण यातून काय लक्षात ठेवायचं?

भाषा वाचवायची म्हटलं की आपल्याकडे चर्चा होते ती दुकानांच्या पाट्यांची आणि दिनविशेषांची. याकोब्सन यांनी सुरुवात केली ती सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात काय द्यायचं, इथून. त्याला आवडेल असं पुस्तक द्यायचं, त्यात पक्षी असावेत, गोष्टी असाव्यात, चांगल्या कविता असाव्यात आणि हे सगळं त्याच्या घरच्या भाषेत असावं. बाकीची भाषणं, वृत्तपत्र, निवेदनं नंतर आली.

त्यांचे राजकीय अंदाज काही बरोबर आले, काही साफ चुकले. कविता फारशा टिकल्या नाहीत. त्यांचं पाठ्यपुस्तक मात्र १५ आवृत्त्या चाललं, आणि ते वाचून मोठ्या झालेल्या पोरांनी पुढे आपला देश उभा केला. पाचशेच्या नोटेवर मास्तरांना जागा मिळाली ती त्यासाठी.